शेवटच्या हॅरी पॉटरमध्ये पेट्युनिया पत्र लिहिते तो सीन आहे ना?

हळदीचा हिशेब (सांगली)

भाचीशी शंभर रुपयांची पैज लागलीय, त्यामुळे जरा मनावर घ्या.

हॅरी पॉटरचा शेवटचा सिनेमा, म्हणजे 'डेथली हॅलोज'चा दुसरा भाग, मी लागला त्याच दिवशी सांगलीत पाहिला होता. १५ जुलै २०११. तारीख डोक्यात आहे कारण त्या दिवशी गुरुपौर्णिमा होती, आणि दोनच दिवस आधी मुंबईत बॉम्बस्फोट झाले होते. बाबा म्हणाले, कशाला गर्दीत तडमडायला जाता. गर्दी कसली! आम्ही सगळे मिळून वीस-पंचवीस डोकी. त्याच शुक्रवारी स्पेनमध्ये गाडी घेऊन फिरणाऱ्या तीन मित्रांचा हिंदी सिनेमा लागला होता, कॉलेजची पब्लिक सगळी तिकडे. आमच्या वाट्याला आला तो हॅरी हिंदी बोलणारा होता, थ्रीडी नव्हता आणि खुर्चीत ढेकूण होते.

सोबत आई. मैत्रिणीनं आयत्या वेळी टांग दिली, तिकीट फुकट जाऊ नये म्हणून आईला ओढून नेलं. ती सकाळी वाडीला दत्ताचं दर्शन घेऊन आलेली, पिशवीत कवठाची बर्फी तशीच. आधीच्या सात सिनेमांतला तिनं एकही पाहिला नव्हता. विश्रामबागेपासून गावात येईपर्यंत रिक्षात मी तिला सातही सांगितले. जेवढे बसले तेवढे बसले.

तरी तिला सिनेमा समजला, माझ्यापेक्षा जास्तच. सुरुवातीला हॅरी आणि त्याचे मित्र रॉन-हर्मायनी लपूनछपून बँकेत शिरतात, गाड्यावर बसून खाली खाली जातात, आणि तिजोरीत हात लावला की भांड्यांची भांडी होत सुटतात. आई मोठ्यांदा म्हणाली, "हे तर पेव!" तिचं माहेर हरिपूर. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, पेव म्हणजे जमिनीखाली खणलेला हळदीचा साठा. तोंड अरुंद, पोट मोठं. हळद भरायची आणि तोंड मातीनं लिंपून टाकायचं. उघडल्यावर लगेच आत उतरायचं नसतं, आत श्वासाला हवाच नसते. कंदील सोडून बघायचा, विझला तर थांबायचं. २००५च्या पुरात त्यातली बरीच पेवं गेली. हॅरी कंदील न सोडता उतरला, याची आईला मध्यंतरापर्यंत काळजी होती.

आता मुद्द्यावर येते. स्नेप, म्हणजे हॅरीच्या जादूच्या शाळेतला एक मास्तर, मरतो, हॅरी त्याच्या आठवणी बघतो. त्यात मला लख्ख आठवतंय की लहानपणची पेट्युनिया, हॅरीची मावशी, टेबलाशी बसून पत्र लिहितेय. जादूच्या शाळेच्या हेडमास्तरांना. बहिणीला घेतलंत तसं मलाही घ्या. खिडकीबाहेर पाऊस. अक्षर वळणदार. खाली 'आपली आज्ञाधारक'. (हो, मराठीत. ते मलाही विचित्र वाटतं.)

गेल्या दिवाळीत भाचीबरोबर तिच्या लॅपटॉपवर पुन्हा पाहिला, तर पत्र नाही! तिनं तीनदा मागं घेऊन दाखवलं. म्हणाली, "मावशी, असा सीनच नाहीये." मी मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर हिशेब लिहिते. एका बाजूला आहे आणि दुसऱ्या बाजूला नाही असं असलं की मला झोप लागत नाही. हिंदीत डब करताना वेगळं काही घालतात का? की थिएटरला लांबडा सिनेमा असतो आणि नंतर कापतात? बाकी पुस्तकं मी चौथ्यापर्यंतच वाचलीत. पाचव्याची जाडी बघितली आणि हात जोडले. म्हणजे पुस्तकात वाचलं असेल हेही शक्य नाही.

अजून एक, याच्याशी संबंध नाही बहुतेक. त्याच सुमारास थिएटरातली लाईट गेली होती थोडा वेळ. आणि पुढच्या रांगेतला कुणी एक मुलगा जोरजोरात बडबडत होता.

---

चार भिंती (सातारा)

ताई, शंभर रुपये काढून ठेवा. असा सीन सिनेमात नाही. लांबडा सिनेमा वगैरे काही नाही, हा आठांतला सगळ्यात तोकडा आहे, १३० मिनिटांचा.

मात्र पत्र खरं आहे. सातव्या पुस्तकातलं तेहतिसावं प्रकरण. पेट्युनियानं हेडमास्तर डंबलडोरला मला पण प्रवेश द्या म्हणून लिहिलेलं असतं. आणि तिथंही ती लिहिताना दिसत नाही. त्याचं उत्तर आलेलं असतं ते लिली (तिची बहीण, हॅरीची आई) आणि स्नेप तिच्या खोलीत शिरून वाचतात, आणि त्यावरून बहिणीबहिणींत बिनसतं. सिनेमात एवढंच दिसतं की लिलीच्या हातात फूल उमलतं आणि पेट्युनिया चिडून पळते. तुम्ही पुस्तक वाचलं नाही, सिनेमात ते नाही, मग तुम्हाला ठाऊक कसं? मला याचंच कोडं पडलंय.

आता विषय निघालाच आहे तर माझी जुनी ठसठस सांगतो. पोवई नाक्यावर मित्रांशी यावरून इतकी वर्षं भांडतोय. ती एल्डर वँड, जगातली सगळ्यात ताकदवान जादूची कांडी! पुस्तकात हॅरी त्या कांडीनं काय करतो? आधी स्वतःची मोडलेली कांडी सांधून घेतो. अकराव्या वर्षी दुकानात मिळालेली, साधी. मग ती मोठी कांडी होती तिथं ठेवून देतो. सिनेमात काय, मोडली काडकन आणि दिली पुलावरून फेकून! अरे, तुझी स्वतःची मोडलेली आहे ना? उद्या कशानं जादू करणार आहेस, उदबत्तीच्या काडीनं?

शेवटी ते एकोणीस वर्षांनंतरचं किंग्ज क्रॉस स्टेशन. ते एकदा खऱ्या स्टेशनवर चित्रित केलं, पसंत पडलं नाही म्हणून डिसेंबर २०१०मध्ये लीव्ह्सडनच्या स्टुडिओत पुन्हा केलं. दोनदा करूनही ती पोरं गॅदरिंगला काजळानं मिशा काढून आजोबा झाल्यासारखीच दिसतात. ऑस्करला तीन नामांकनं होती, त्यात एक मेकअपचं. मिळालं एकही नाही. मेकअपपुरतं मला वाईट वाटलं नाही.

---

मिरज जंक्शन

हळदीचा हिशेब ताई, एक विचारू? तुमच्या आईंनी त्या दिवशी पोपटी साडी नेसली होती का? आणि अंधारात सगळ्यांना बर्फी वाटली होती का?

---

हळदीचा हिशेब (सांगली)

साडीचं आठवत नाही. बर्फी वाटली होती. पण तुम्हाला हे कसं माहीत???

---

मिरज जंक्शन

कारण खाल्लीय मी ती!

मी तेव्हा बारावीत होते. मिरजेहून भावाबरोबर आले होते, तुमच्या मागच्या रांगेत बसले होते. आणि तुमचा हिशेब चुकला तो इथं चुकलाय. लाईट "थोडा वेळ" नव्हती गेली. चांगली वीस मिनिटं गेली होती. बाहेर पाऊस कोसळत होता आणि जनरेटर चालूच होईना. हॅरी आठवणी बघायला त्या परातीत तोंड बुडवतो ना, नेमकं तिथं गेली. आधी सगळ्यांनी शिट्ट्या मारल्या, मग "पैसे परत द्या" झालं, मग कंटाळून सगळे गप्प.

आणि तो मुलगा नव्हता. मुलगी होती. सहावी-सातवीतली, निळा रेनकोट अंगावर तसाच. तिसऱ्या रांगेत खुर्चीवर उलटी गुडघ्यावर बसली, आमच्याकडे तोंड करून, आणि सांगायला लागली. "म्या सांगू का फुडं काय हुतंय? माज्या दादानं वाचलंय, त्यानं सगळं सांगितलंय." तिच्या बाबांनी एकदा खाली ओढलं, पण लोकच म्हणाले, सांगू द्या हो, तेवढाच वेळ जाईल.

मला ते जवळजवळ पाठ आहे. "त्यो स्नेप हाय न्हवं, त्यो वाईट न्हाईच मुळात. बारका हुता तवापासनं तिच्यावर जीव हुता त्याचा. हॅरीच्या आईवर ओ! पर त्यो तिला एकदा लई वंगाळ शिवी देतोय, मग ती बोलतच न्हाई त्याच्याशी." पुढं डंबलडोर विचारतो ते, "एवढी वर्सं झाली तरी?" आणि स्नेपचं उत्तर तिनं हात छातीवर ठेवून दिलं, "कायमच की." माझा भाऊ हसला. मी नाही हसले.

पत्राचं पण तिनंच सांगितलं. "आणि त्या मावशीनं बी पत्र लिवलं हुतं, मला बी घ्या म्हणून." तेव्हा तुमच्या आईंनी तिला थांबवलं. त्यांचा आवाज अजून कानात आहे. म्हणाल्या, "मग उत्तर आलं का गं तिला?"

ती म्हणाली, "आलं की काकू. लई चांगलं उत्तर आलं. पर न्हाई म्हणून."

त्यानंतर बर्फी निघाली पिशवीतून.

आणि लाईट आल्यावर काय झालं ठाऊक आहे? ऑपरेटरनं सिनेमा पुढूनच लावला! हॅरी जिन्यात रॉन-हर्मायनीचा निरोप घेतो तिथून. लोक ओरडले, मागं घे, मागं घे. नाही घेतला. म्हणजे स्नेपच्या आठवणी आपल्याला त्या थिएटरात कुणी दाखवल्याच नाहीत. मी तो भाग दोन वर्षांनी टीव्हीवर पाहिला आणि खरं सांगू, फिका वाटला. ॲलन रिकमन केवढा थोर नट, त्याचं काही चुकलेलं नाही. पण मी आधी तो निळ्या रेनकोटात पाहिला होता.

---

पडद्यामागचा (सांगली)

मी ही पुस्तकं वाचलेली नाहीत. नातवानं हा धागा वाचून दाखवला म्हणून लिहितो.

मिरजेच्या ताईंनी जे सांगितलं ते या गावाला नवीन नाही. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथं 'सीता स्वयंवर' केलं तेव्हा नाटकाची लिहिलेली संहिता नटाच्या हातात नसायची. सूत्रधार पदं म्हणून गोष्ट पुढं न्यायचा आणि पात्रं आपापलं भाषण जागेवर करायची. राक्षस आला की "अलल डुर्र" करत यायचा. त्या पोरीनं सूत्रधारी केली, एवढंच. रेनकोटात केली हे नवीन.

नातवाच्या आग्रहानं शेवटचा सिनेमा पाहिला. युद्ध चांगलं. ती वयस्कर बाई दगडी शिपायांना जिवंत करते आणि नंतर शाळकरी पोरीसारखी खूश होते, ते फारच चांगलं. पण शेवट मला पटला नाही. दोघंच एका मोकळ्या अंगणात लढतात, राक्षस मरतो, त्याचे कागद जळाल्यासारखे कपटे होऊन उडून जातात, आणि बघायला कोणी नाही! मी जन्मभर विंगेत उभा राहून नाटकं पाहिली. राक्षस एकांतात मारून चालत नाही हो. ज्यांची माणसं गेली ती समोर पाहिजेत. नातू म्हणाला, आजोबा, पुस्तकात तसंच आहे, मोठ्या हॉलमध्ये सगळ्यांसमोर मरतो, पहाट होत असताना, आणि साध्या माणसासारखा धपकन पडतो. मग एवढं लिहून ठेवलेलं असताना बदललं कशाला?

---

चार भिंती (सातारा)

काका, एकदम बरोबर! आणि मारण्याआधी हॅरी त्याला सगळ्यांदेखत 'टॉम' म्हणून हाक मारतो. ज्याचं नाव घ्यायला लोक सात पुस्तकं घाबरले, त्याला एकेरीत त्याच्या शाळेतल्या नावानं! सिनेमात हाक आहे, पण ऐकायला लोक नाहीत. सगळी मजा घालवली.

---

तेवीसची बॅच

सगळे सीनिअर लोक दिसताय, तर एक अप्रिय मत. मी फोनवर पाहिलेत सगळे, आठही, परीक्षेच्या आदल्या आठवड्यात. स्नेपसाठी एवढं रडायचं कारण मला समजत नाही. वर्गातल्या पोरांना तो किती छळतो! तिसऱ्या भागात हॅरीच्या वर्गातल्या नेव्हिलची सगळ्यात मोठी भीती काय निघते? राक्षस नाही, कोळी नाही, सर. स्वतःचे सर. आमच्या क्लासला असे एक होते. त्यांचं जुनं प्रेम नंतर कळलं असतं तरी मी रडलो नसतो.

माझ्यासाठी हा सिनेमा नेव्हिलचा आहे. आणि तिथं सिनेमानं पुस्तकापेक्षा बरं केलं असं माझं मत. पुस्तकात तो टोपीतून तलवार काढतो आणि लगेच खलनायकाची नागीण मारतो. सिनेमात उशीर लावलाय, रॉन आणि हर्मायनी आता मेलेच असं वाटतं तेव्हा मारतो. मी बेडवर उभा राहिलो होतो. रूममेटनं उशी फेकली.

बाय द वे ती निळ्या रेनकोटवाली आता सत्तावीस-अठ्ठावीसची असेल. शोधा कोणीतरी.

---

मिरज जंक्शन

मला वाटतं ती तासगावकडची होती. तिचे बाबा सारखे एसटी चुकेल म्हणत होते. सिनेमा संपायच्या आधीच उठले ते. म्हणजे तिनं पण शेवट पाहिला नाही. पुढच्या शुक्रवारी 'सिंघम' आला आणि हॅरी गेलाच, त्यामुळे परत आली असेल असंही नाही.

---

हळदीचा हिशेब (सांगली)

चार दिवस लिहिलं नाही कारण काय लिहावं ते कळेना.

मुलगी होती हे मी साफ विसरले होते. लाईट आली, आठवणी पडद्यावर दाखवल्या, असंच मी इतकी वर्षं धरून चालले. जमेचा आकडा कुणीतरी दुसऱ्याच पानावर लिहून ठेवलेला निघाला.

पण टेबल, खिडकी, पाऊस, 'आपली आज्ञाधारक' यातलं काहीच त्या मुलीनंही सांगितलेलं नाही. म्हणून परवा आईला विचारलं. ती भडंगासाठी लसूण सोलत होती. सिनेमा आठवतोय का म्हटलं. म्हणाली, "पेवाचा होता तो?" म्हटलं, तोच. त्यातलं ते पत्र आठवतंय का?

म्हणाली, "ते मी तुला रिक्षात सांगितलं की, येताना."

सांगितलं असणार. परतीच्या रिक्षात धो धो पाऊस होता, ताडपत्रीतून पाणी आत येत होतं, आणि मी मैत्रिणीला एसएमएस करण्यात गुंतले होते. अर्धवट कानांवर पडलं असणार, आणि मी ते नेऊन सिनेमात ठेवलं.

हकीकत अशी. माझी मावशी मिरजेला नर्सिंगला गेली. आईपेक्षा चार वर्षांनी धाकटी. घरून एकीलाच पाठवायचं ठरलं होतं, आणि मावशीचे मार्क चांगले होते. ती गेल्यावर आईनं हरिपूरच्या घरी बसून, कोणाला न सांगता, तिथल्या मुख्य बाईंना पत्र लिहिलं. माझी बहीण आपल्याकडे आहे, मलाही घ्यावं, मी स्वयंपाक करून शिकेन. शाळेत अर्जाचा शेवट शिकवलेला होता तसाच केला. उत्तर आलं. आईचं वय बसत नव्हतं. "फार चांगलं उत्तर होतं गं," आई म्हणाली. "अक्षर तर असं सुरेख. एवढ्या मोठ्या बाई, आणि मला 'तुम्ही' लिहिलं होतं."

मावशीला हे ठाऊक आहे का विचारलं. तर म्हणाली, "तिनंच तर फोडलं पाकीट." आणि लसणाकडे बघत राहिली. पुढं मी काही विचारलं नाही. दोघी दर दिवाळीला एकत्र करंज्या करतात आणि सारणावरून भांडतात. ते भांडण सारणाचं आहे असंच आम्ही समजत होतो.

तेवीसची बॅच, स्नेपबद्दल तुमचं मत आईला वाचून दाखवलं. म्हणाली, मुलगा शहाणा आहे.

भाचीला शंभर रुपये दिले. आता आईला ते पुस्तकातलं पत्राचं पान वाचायचंय, फक्त तेवढंच. इंग्रजी तिला जमत नाही, हिंदी वाचते. कुणाकडे सातवं पुस्तक हिंदीत आहे का? चार दिवसांत परत करीन, वाटल्यास कव्हर घालून.

---

चार भिंती (सातारा)

माझ्याकडे आहे. 'हॅरी पॉटर और मौत के तोहफ़े'. तेहतिसाव्या प्रकरणात खूण घालून ठेवतो. पण पोस्टानं पाठवणार नाही, पुस्तक दिलं की परत येत नाही हा अनुभव आहे. रविवारी कामानं सांगलीला येतोय, गणपती मंदिरापाशी अकराला भेटा. काकूंना घेऊन या. लसूण जास्त घातलेलं भडंग चालेल.